दिवा लागायच्या आत

शरयूकाकूंच्या घरी देवापुढे दिवा लागला की दाराबाहेर काही जात नसे. विरजण नाही, मीठ नाही, सुई नाही आणि पैसा तर नाहीच नाही. एकदा दूधवाला संध्याकाळी बिल मागायला आला, तर काकूंनी त्याला चहा पाजला, वर बशीभर चिवडा दिला आणि सांगितलं, "पैसे सकाळी न्यायला ये. तिन्हीसांजेला लक्ष्मी घरात येत्ये. तिच्या तोंडावर तिलाच बाहेर काढू होय?" मग चहा-चिवडा बाहेर गेला तो कसा चालला, असं मी नंतर खोचकपणे विचारलं. काकू म्हणाल्या, "बाहेर कुठे गेला गो? ओटीवर बसूनच खाल्लान की त्याने!"

रत्नागिरीत आमची घरं दगडी गडग्याला गडगा लागून. काका गेल्यावर काकूंनी उकडीचे मोदक करून, गोठवून मुंबई-पुण्याला पाठवायचा धंदा सुरू केला. नारळ पावसहून येत आणि मोदक संध्याकाळच्या बसने जात. (घरातून अर्थात दिवा लागायच्या आतच निघालेले असत.) मागणी वाढली तसा घरचा फ्रीज पुरेना. तेव्हा त्यांनी क्रेडिट कार्ड काढून मोठा डीप फ्रीझर घेतला. वर्षभराचे बिनव्याजी हप्ते, अशी बँकेची सवलत होती. मेख एकच होती: एकदा जरी बिल भरायला उशीर झाला, तर सवलत रद्द आणि उरलेल्या रकमेवर सणसणीत व्याज.

डोंबिवलीच्या शेखरला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे मुळीच पसंत नव्हतं. "मी पैसे देतो ना," असं तो म्हणाला. काकूंनी ऐकलं नाही. शेवटी मायलेकांत ठरलं, की एक जरी हप्ता चुकला तरी काकूंनी धंदा बंद करायचा, घराला कुलूप लावायचं आणि डोंबिवलीला जायचं. काकूंनी हे इतक्या खुशीत कबूल केलं, की भीती वाटली ती मलाच.

बँकेने परस्पर पैसे कापून घ्यावेत, अशी सोय होती. ती काकूंनी ठाम नाकारली. "तो मेला बँकवाला केव्हा कपाटात हात घालील, काय सांगावं? दिवे लागल्यावर घातलान म्हणजे?" त्यामुळे बिल आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्या माझ्याकडे येत आणि माझ्याकडून मोबाईलवर पैसे भरून घेत.

गणपती तोंडावर आले आणि सगळं बिनसलं. मोदकांच्या ऑर्डरी इतक्या आल्या, की बिल आल्याचं त्याही विसरल्या आणि मीही. एके दिवशी ऑफिसातून घरी येताना मला एकदम आठवलं. चपला न काढता काकूंच्या घरात शिरले. "काकू, आज शेवटची तारीख! मोबाईल द्या!"

काकू नुकत्याच दिवा लावून हात जोडत होत्या. त्यांनी मोबाईलवर हात ठेवला. "दिवा लागलाय."

"अहो, पैसे घरात कुठे आहेत? ते बँकेत आहेत!"

"बँकेत कुणाचे आहेत? माझेच ना?"

"बरं, मग मी माझ्याकडून भरते."

"तुमच्याकडे काय दिवा लागला नाही? तुझी लक्ष्मी घालवून माझं बिल भरू? सकाळी भरत्ये."

"काकू, डोंबिवली!" मी जवळजवळ ओरडलेच. त्या देवाकडे बघत म्हणाल्या, "जेवून जा. अळूचं फदफदं केलंय."

सकाळी पैसे भरले. पण व्हायचं ते झालंच. पुढच्या बिलात उशिराचा दंड आला आणि बिनव्याजी सवलत गेली. काकूंनी बँकेला फोन लावला. तिकडचं संगीत संपेपर्यंत त्या परातीत उकड मळत होत्या. तब्येत बरी नव्हती म्हणून सांगा, असं मी खुणेने सुचवलं. त्यांनी मोबाईलवर पिठाळ हात दाबून मला दटावलं, "खोटं सांगून सवलत घ्यायची, तर मग दिव्याला तरी कशाला भ्यायचं?" आणि उशीर का झाला, असं तिकडच्या मुलीने विचारताच स्वच्छ सांगितलं, "दिवे लागले होते, बाळा."

पलीकडे ती मुलगी हसली. "माझी आजीपण देत नाही, काकू. मी विनंती पुढे पाठवते." तिच्या विनंतीने दंड माफ झाला. सवलत मात्र गेली ती गेलीच.

आता शेखरला सांगणं आलं. फोन काकूंनी स्वतःच केला. "हप्ता चुकला रे. हरल्ये मी. एवढ्या गणपतीच्या ऑर्डरी पुऱ्या करत्ये आणि येत्ये." त्याने कारण विचारलं, काकूंनी सांगितलं. मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो म्हणाला, "आई, दिवा लागल्यावर तू पैसे भरलेस असं कळलं असतं, तर मी तडक गाडी काढून आलो असतो. वाटलं असतं, तुला बरं नाही. राहा तिथेच."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच नारळ खवायला घेतला. गणपतीचे पैसे हाती येताच कार्डाची सगळी बाकी त्यांनी एकदम भरून टाकली. अर्थात सकाळी.

त्यानंतर कितीतरी गणपती झाले. यंदा त्यांचे हात कापायला लागले, मोदकाच्या कळ्या जमेनात, तेव्हा त्यांनी आपणहूनच शेखरला बोलावून घेतलं. फ्रीझर दुपारीच आमच्याकडे पोचता केला. रात्री रस्ता मोकळा असतो म्हणून शेखरने संध्याकाळी निघायचं ठरवलं होतं. बॅगा गाडीत गेल्या, काकू अंगणात उभ्या राहून गडग्यावरून हात फिरवू लागल्या. मला ते बघवेना. मी सरळ आत गेले आणि त्यांच्या देवापुढे दिवा लावला. माडांच्या शेंड्यांवर अजून चांगलं ऊन होतं.

बाहेर येऊन म्हटलं, "काकू, दिवा लागला. आता घरची लक्ष्मी बाहेर जात नाही."

काकूंनी माडांवरचं ऊन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"शेखर," त्या पायऱ्या चढत म्हणाल्या, "बॅगा आत घे रे. सकाळी जाऊ."