आमची लॉण्ड्री शून्यावर आली

चहा सांगितलाय ना? मग तो येईस्तोवर ऐकून घ्या. भाषण करून माणूस किती वाट लावू शकतो, ते तुम्हाला सांगतो. पुढाऱ्याचं नाही हो, माझंच भाषण!

आमची काळाचौकीला लॉण्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, नर्सिंग होमचे हिरवे कपडे, असलं घाऊक काम. ती बाबांनी सुरू केली. बाबा आणि गणपतकाका एकाच गिरणीच्या बॉयलरवर होते. संप झाला, गिरणी बंद पडली. दोघांना येत काय होतं? आग पेटवायची आणि वाफ सांभाळायची. मग लाकडावर चालणारा एक जुना बॉयलर आणला आणि त्यावर कपडे धुवायला सुरुवात केली. आता बाबा घरी असतात, धंदा मी बघतो, आणि बॉयलर? तो शेवटपर्यंत गणपतकाकांकडे. त्यांनी मला चड्डीत बघितलंय, त्यामुळे मी मालक वगैरे त्यांच्यासाठी कधी झालोच नाही.

तर झालं काय, आमच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "मिलिंदजी, आमचं हॉटेल नेट झीरो होतंय. म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू, तेवढा कमी करत करत शेवटी हिशोब शून्यावर आणायचा. पण आमच्या चादरी तुमच्याकडे लाकडं जाळून धुतल्या जात असतील, तर तो धूर आमच्याच नावावर लागतो. तुम्ही बदललात तर आपण बरोबर राहू. नाहीतर…"

नाहीतरच्या पुढचं मला समजलं. घाबरलो. पण मग वाचलं, चार जणांना विचारलं, आणि खरं सांगतो, पटलं! आमच्या चिमणीचा धूर शेजारच्या चाळीतल्या पोरांच्याच छातीत जात होता की! ठरवलं, विजेवर चालणारा हीट पंप घ्यायचा, पाणी तापवायला गच्चीवर सोलर, आणि कपडे धुऊन उरलेलं गरम पाणी फुकट न घालवता त्याची उष्णता परत वापरायची. बँकेने हो म्हटलं. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? एकेकाला बाजूला घेऊन नीट सांगितलं असतं. मी पेढे आणले. सगळ्यांना मधल्या चौकात बोलावलं, टेबलावर चढलो आणि सुरू झालो.

"मंडळी, आनंदाची बातमी! सोमवारपासून बॉयलर बंद! चिमणीतून धूर निघणार नाही! आपली लॉण्ड्री शून्यावर येणार!"

कोणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, भारावलेत.

इस्त्रीवरच्या शेवंतामावशींनी विचारलं, "शून्यावर म्हणजे पूर्ण शून्यावर?"

"पूर्ण! काही शिल्लक ठेवायचं नाही!"

"आणि हॉटेलवाले?"

"अहो, त्यांनीच तर सांगितलं! मोठमोठ्या कंपन्या शून्यावर चालल्यात, मग आपण का मागे राहायचं?"

मावशींनी पेढा पदराला बांधला. गणपतकाका पुढे आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुझा काय चुकला नाय रे. गिरणीवाले टिकाक नाय, थय आपण कोण?" डोळ्यांत पाणी. मला वाटलं, पर्यावरणाचं किती वाटतंय काकांना!

हसू नका. तुम्ही गिरणगावातले नसाल तर तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे चिमणीचा धूर बंद झाला, याचा अर्थ एकच होतो, धंदा बुडाला. आणि हे मला, संपात वाढलेल्या पोराला, कळू नये?

सोमवारी बॉयलर थंड झाला आणि मशीन बसेपर्यंत धुणंही थांबलं. नवीन मशीन बसवायला मिस्त्री आतली भिंत फोडत होते. बाहेरून दिसत होतं काय? बंद चिमणी, आणि दारातून जाणारा राडारोडा. गणपतकाका त्या दिवशी आले नाहीत. म्हटलं, इतकी वर्षं आगीसमोर बसले, घेऊ दे जरा विश्रांती. शेवंतामावशी घरी पिशवीभर तांदूळ देऊन गेल्या. "असू दे, घरचाच आहे." म्हटलं, गावाहून आला असेल. भात करून खाल्ला, वर त्यांना फोन करून सांगितलं, "मावशी, काय वास आहे तांदळाला!" त्या बाईने संपातली उपासमार आठवून आपल्या डब्यातला तांदूळ काढून दिला होता, आणि मी वासाचं कौतुक करतोय!

समोरचा पानवाला उगाचच माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागला. दोन पोरी म्हणाल्या, "दादा, आम्हाला भायखळ्याला काम बघायचंय, चालेल ना?" मी म्हटलं, "बघा की!" मला वाटलं, जोडधंदा.

आणि बाबा? बाबा जेवायचे कमी झाले. गॅलरीतून त्यांना आमची चिमणी दिसायची. तिकडे बघत बसायचे. मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यांना सगळं सुरू झाल्यावर एकदम दाखवायचं होतं. सरप्राइज! बाबांना गिरणी बंद झाल्याचंसुद्धा कोणी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. नुसती चिमणीच थांबली होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. गणपतकाका.

"मिलिंद, शिवडीक ये. गोदामाच्या गेटवर. बेगीन ये. तुझो बापूस हय इलोहा."

"बाबा? तिकडे कशाला?"

"नोकरी मागूक."

टेम्पो काढला आणि सुटलो. शिवडीच्या गोदामाच्या गेटवर बघतो तर खुर्चीवर बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना कलप लावलेला. तोही घाईत, त्यामुळे कपाळावर काळा ओघळ. आणि त्यांच्या शेजारी वॉचमनच्या निळ्या कपड्यांत उभे गणपतकाका! ते आधीच तिथे लागले होते.

"बाबा, हे काय?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा धंदा बसलाय. घर चालवायला कोणीतरी लागेल ना. मी अजून उभा राहू शकतो."

मी तिथेच फुटपाथवर बसलो. मग सगळं सांगितलं. शून्य म्हणजे धूर शून्य, धंदा नाही. मशीन येतंय, हॉटेलचं काम राहतंय, कोणी घरी बसणार नाही. बाबांनी सगळं ऐकलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मग सरळ सांगता येत नव्हतं? विजेवर चालवणार म्हणून?"

"चुकलं बाबा. सगळ्यांचाच गैरसमज झाला."

"माझो गैरसमज तर खरोच ठरलो," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"धूर नाय, आग नाय. मगे मी कित्याक?"

मी सगळ्याचा हिशोब केला होता. पंप मोजला, पाइप मोजले, सोलरचं तोंड कुठल्या दिशेला हवं तेही बघितलं. ह्या माणसाचं काय, हा विचार मात्र केलाच नव्हता. शेवटी पुटपुटलो, "काका, काहीतरी बघू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हेच वाक्य ऐकत ते दोघं गिरणीच्या गेटवर वर्षानुवर्षं उभे राहिले होते.

"नवीन मशीन शिका ना, काका. या परत."

"आधी इचारलं असतस, तर शिकान घेतलं असतं. आता ह्या गोदामवाल्यांका शब्द दिलो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बाकी मंडळी दुसऱ्या दिवशी कळल्यावर आली. शेवंतामावशींनी तर पाच मिनिटं माझी पूजा बांधली, तांदळासकट. मशीन छान चालतंय, हॉटेलच्या मॅडम खूश आहेत. काका अजून शिवडीलाच आहेत.

पण त्या दिवशीचं राहिलंच. बाबांना टेम्पोत बसवलं. काका निरोप द्यायला जवळ आले. जाता जाता त्यांना एवढं तरी पटावं म्हणून मी मान बाहेर काढून म्हटलं, "काका, हे सगळं पुढच्या पिढीसाठी करतोय हो! हवा स्वच्छ राहावी म्हणून!"

आणि किल्ली फिरवली. आमचा जुना डिझेलचा टेम्पो असा खोकला की गेट, खुर्ची आणि निळ्या कपड्यांतले काका, सगळं काळ्या ढगात गेलं. आतून फक्त ठसक्याचा आवाज येत होता.

बाबा म्हणाले, "काच वर घे. आणि आता एक शब्द बोलू नकोस."