बोडीची झोप

कोरड्या जमिनीजवळ कुजबुजत बोलणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या ताईला सासरा म्हणून मिळाला. ताईसारखे आम्हीही त्यांना मामाजीच म्हणतो. चिचगडजवळ त्यांच्या धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आहे. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, होळीनंतर नुसती भेगाळलेली माती. मामाजींच्या मते तेव्हा बोडी झोपलेली असते. म्हणून तिच्यातून चप्पल घालून जायचं नाही, मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही. ताईच्या नणंदेच्या लग्नात त्यांनी बँड बंद करवून वरात बोडीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मुक्यानं आणली. नवरदेव बिचारा कुणाच्या तरी मयतीला निघाल्यासारखा दिसत होता. पाऊस लागला की मात्र हेच मामाजी दिवसचे दिवस पाळीवर बसतात आणि बेडूक, आपोआप उगवणारं देवधान, सारसाची जोडी, ज्याला त्याला "आला का गा?" म्हणून विचारतात.

भाऊजींना उन्हाळी धानासाठी बोडी खोल करून बारमाही पाणी हवं होतं. मला ते पटलं. सरकारी योजनेचा अर्ज मीच हौसेनं लिहून दिला, आणि शहरातला शिकलेला म्हणून म्हाताऱ्याची समजूत घालायलाही मीच गेलो. ते रागावले नाहीत. "बारा मयने पानी राह्यलं, त थे झोपन कवा?" म्हणाले आणि बोडीतलंच एक ढेकूळ माझ्या पिशवीत टाकलं. "घरी पान्यात ठेवजो. मंग सांगजो."

गोंदियाला येऊन ते बादलीत टाकलं आणि विसरलो. आठवड्यानं पाहतो तर त्या मातीतून जागे झालेले काचेसारखे इवलेसे जीव पिसांसारखे पाय हलवत उताणे पोहत होते! ऑफिस बुडवून मी दुपारभर बादलीशी बसलो. बायकोनं कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. मग भाऊजींना फोन केला, पण तोवर मशीननं अर्धी बोडी खोदली होती. माझ्या गयावयांना त्यांनी भीक घातली नसती. मामाजी सकाळपासून खड्ड्याकाठी बसून होते, ते पाहून भाऊजींनी मशीन परत पाठवलं.

यंदा श्रावणात गेलो. उथळ अर्ध्यात देवधान हलत होतं, त्यातून सारस सावकाश फिरत होते. खोल अर्ध्यात नुसतं काळंशार पाणी. मला भरून आलं. म्हटलं, "मामाजी, चुकलं माझं."



"काऊन रडून राहिला? दरसाल थोडा थोडा गाळ येऊन राहिला. भरन थे बी. मंग निजन." पाळीवरून उठत म्हणाले, "तवा मी नसन. तू येजो पाहाले."