बिनपथ्याची सुई

१० जानेवारी १९८५. काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवल्या होत्या आणि मी बारीक दगडावर सुयांची टोकं घासत होते. तेव्हा सुया फेकून देत नसत. बोथट झाली की धार लावायची आणि पुन्हा उकळायची. महाप्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी दवाखान्याची सिस्टर होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज आणि नऊ ते बारा बसणारे डॉक्टर.

आदल्या थंडीत फ्लूनं आमचं पॅकिंग खातं आठवडाभर बंद पाडलं होतं. म्हणून कंपनीच्या परदेशी भागीदारांनी या वर्षी लस पाठवली. फुकट, कामाच्या वेळेत, रजा न घेता. मला वाटलं, रांग लागेल. दोन दिवसांत चार जण आले आणि त्यातला एक नुसतं वजन करून गेला.

मग मीच खात्याखात्यातून फिरले. हिशेबातले साहेब म्हणाले, "मला फ्लू होत नाही सिस्टर, मी बारा महिने गार पाण्यानं अंघोळ करतो." स्टोअरमधला कारकून मराठवाड्याचा. धाकट्या मुलाला त्यानं त्याच आठवड्यात ट्रिपलचा डोस देऊन आणलं होतं. "घरात एकानं घेतला, बास झालं की," तो म्हणाला. टायपिस्टबाई म्हणाल्या, "बघू, शुक्रवारी." कुठला शुक्रवार ते त्यांनी सांगितलं नाही. एकजात धडधाकट माणसं. मुलाला बाप बखोटीला धरून नेतो, म्हणून मुलाला लस मिळते. बापाच्या बखोटीला कोण धरणार?

दहा वाजता पॅकिंगचे मुकादम बोटाची पट्टी बदलायला आले. खाडीकाठच्या गावचे, पन्नाशीचे. हाताखाली तीस माणसं. मुकादम पाणी प्यायला उठले की तीसही उठत. मला खरं तर हेच गिऱ्हाईक हवं होतं. आणि फ्लूची धास्ती त्यांना माझ्याहूनही जास्त होती, कारण तीन आठवड्यांनी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं.

थोरलीचं लग्न आदल्या थंडीतलं, फ्लूच्याच दिवसांतलं. हळदीच्या दिवशी सगळं गाव मांडवात नाचत होतं आणि मुलीचा बाप आतल्या खोलीत तीन गोधड्यांखाली कुडकुडत पडला होता. पाठवणीलाही त्यांना उठवलं नाही. वर्ष झालं तरी गाव त्यांना सोडत नव्हतं. कुणी भेटलं की आधी विचारायचं, "काय मुकादम, गोधरी आनली का?"

मी पट्टी सोडता सोडता म्हणाले, "मुकादम, सुई घेऊन टाका. धाकटीच्या हळदीला पुन्हा आत झोपायचंय का?"

"तसं बोलू नका बाय. रातभर झोप नाय मला त्या इचारानं."

"मग दंड पुढे करा."

"पथ्य काय ह्याला?"

"काही नाही."

"मच्छी?"

"खा."

"वांगा? आंबट?"

"सगळं खा. पथ्यच नाही म्हटलं ना."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, खुलेल. "मंग ते औषिद कसला, बाय? आमचे गावचा वैदू काविलीला झाराचा पाला देतो न् येकवीस दिस तेल-मच्छी बंद करतो. मानूस उठून बसतो. ज्याला पथ्य नाय त्याच्यान दम काय? पानीच असल."

असं म्हणून पट्टी बांधलेलं बोट वर धरून ते निघून गेले.

मी सुया घासत बसले आणि मग लक्षात आलं. दोन दिवस मी दारोदार सांगत फिरत होते, की फुकट आहे, दुखत नाही, वेळ लागत नाही, पथ्य नाही. कुठला शहाणा माणूस असलं औषध घेईल?

जेवणाच्या सुट्टीआधी मी पॅकिंग खात्यात गेले. मुकादम खोकी मोजत होते.

"मुकादम, माझं चुकलं. पथ्य आहे."

सगळ्यांचे हात थांबले.

"तीन दिवस दारू पूर्ण बंद. आणि सुई घेतल्यापासून रोज, जेवायच्या आधी हात साबणानं धुवायचे. विसरलात तर मला सांगू नका."

"तीन दिस?" मुकादमांनी तीस जणांकडे पाहिलं. "मच्छी?"

"मच्छी चालेल."

"निवट्या?"

"निवट्याही." खाडीच्या चिखलातले ते मासे त्यांना रोज लागत.

"हलदीला किती दिस हायेत?"

"तीन आठवडे. तोवर पथ्य कधीच संपलेलं असेल."

मागून एक जण म्हणाला, "शनवार धरून तीन दिस का सोरून?"

"धरून," मी म्हणाले. तिथे ढिलाई केली असती तर सगळंच गेलं असतं.

"मंग कडक हाय," मुकादम म्हणाले आणि बाही वर सारत पुढे निघाले.

डॉक्टर डबा उघडायच्या बेतात होते. दारात एकतीस माणसं बघून त्यांनी तो बंद केला. मी काय सांगितलं ते त्यांना सांगितलं, लपवण्यासारखं नव्हतं. ते सिरिंज भरत म्हणाले, "तीनच दिवस? पाच म्हणायचं होतं सिस्टर." दोन वाजेपर्यंत आम्ही सुया देत होतो. बातमी पथ्यासकट पसरली आणि दुसऱ्या दिवशी हिशेबातले साहेबही आले. पथ्याबद्दल त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

फ्लू त्या थंडीतही आलाच. इतर खात्यांतले बरेच जण घरी बसले. पॅकिंगमधले दोघे बसले, मुकादम नाही. लसीमुळे की नशिबानं, यावर मी पैज लावणार नाही. पण हळदीच्या संध्याकाळी मी त्यांच्या गावी गेले, तेव्हा अंगभर हळद माखलेला तो पन्नाशीचा माणूस मांडवाच्या मध्यभागी बँडच्याही पुढे नाचत होता. पोरं दमून बाजूला बसली, ते थांबेनात. कुणीतरी खरोखरच घडी घातलेली गोधडी आणून त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती डोक्याला गुंडाळली आणि तसेच नाचत राहिले. नवरी इतकी हसली, की हळद लावणाऱ्या बायकांना थांबावं लागलं.

मुकादमांच्या बायकोनं माझ्यापुढे कोलंबीचं ताट ठेवलं आणि त्या शेजारी बसल्या. "गेल्या सालान मी आत उशाशी बसून नुसता बाजा आयकला, बाय." मग माझ्या दंडावर हात ठेवून त्यांनी सहज विचारलं, "तुमाला लय दुखला का ओ, सुई घेतली तवा?"

मी कोलंबी सोलत राहिले. मी घेतलीच नव्हती. आधी गडबड होती, मग रांग होती, मग वाटलं, मला काय होतंय, मी तर सिस्टर.

"अजून घ्यायची आहे," मी म्हणाले.

"आता? सगल्यांना देऊन झाल्यावर?" त्या मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी शेजारणीलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आल्या आल्या मी फ्रिजमधली उरलेली बाटली त्यांच्यापुढे ठेवली, स्टुलावर बसले आणि डावी बाही वर केली.