गारवालीचं नाक

कारखान्याच्या कँटीनला दोन बाजू होत्या. एका बाजूला पाच शेगड्या, तेलानं पिवळी पडलेली भिंत आणि घामानं निथळणारे आचारी. दुसऱ्या बाजूला स्टीलचं लांब टेबल, दोन मोठे फ्रीज आणि गारवाली. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. सुट्टी झाली की रांगेतला मागचा पुढच्याला विचारायचा, "गारवालीकडे काय आज?" उन्हाळ्यात उत्तर ठरलेलं. मका आणि चिकन घातलेलं पास्त्याचं गार सॅलड, पांढरं, दाट, चमच्यानं ढकललं तरी जागचं न हलणारं.

ही गार बाजू तिला कुणी आंदण दिलेली नव्हती. त्याआधी दहा वर्षं ती शेगडीपुढं उभी होती. पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं आलं, पाय संध्याकाळी चपलेत मावेनासे झाले, तोंड असं करपलं की माहेरच्यांना वाटायचं ही उन्हातान्हात खडी फोडायला जाते. जुनी सॅलडवाली काम सोडून गेली तेव्हा कँटीन सांभाळणाऱ्या आचारीमामांनी हिला टेबलावर सरकवलं. त्यालाही आता आठ वर्षं झाली होती. परत शेगडीपुढं उभं केलं तर मी सहा महिन्यांत आडवी होईन, असं ती म्हणायची, आणि ते काही उगीच बोलण्यासारखं बोलणं नव्हतं.

तिच्या सॅलडात मोठं गुपित काही नाही. पास्ता नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त उकडायचा, कारण गार झाला की तो पुन्हा ताठतो. निथळून, तेलाचं बोट लावून परातीत पसरायचा. कणसं उकडून सुरीनं दाणे उतरवायचे. चिकन मीठ, मिरी आणि अख्खा कांदा घालून शिजवायचं आणि त्याच पाण्यात निवू द्यायचं, म्हणजे कोरडं पडत नाही. मग हातानं रेशेरेशे सोडवायचे. मेयोनीज, घट्ट दही, लिंबू, मोहरीची पेस्ट, चिमूटभर साखर हे वेगळं घोटायचं. आणि सगळं अगदी थंडगार झाल्याशिवाय एकाची दुसऱ्याशी गाठ घालायची नाही. कोमट पास्ता अधाशी असतो, वाडगाभर पांढरं गटकन पिऊन टाकतो आणि दुपारी वाढायच्या वेळेला कोरडा ठणठणीत. म्हणून ती पहाटे सहाला यायची. वाट बघणं हेच निम्मं काम होतं, आणि उभं राहून वाट बघणं हे बसून बघण्यापेक्षा फार जड असतं.

आठ महिन्यांपूर्वी तिला ताप आला. दहा दिवस अंथरुणात होती. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. तिला स्वतःला ते कळलंही नाही. कळलं ते नणंदेला. घरात कपाटामागं उंदीर मरून पडला, दोन दिवस शेजारी नाकाला पदर लावून जिना उतरत होते, आणि ही त्याच कपाटाला टेकून वाटाणे सोलत बसली होती. नणंद दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, वहिनी, तुझं नाक बंद पडलंय.

नणंद वयानं तीन वर्षांनी मोठी. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं भावाच्या घरी राहिलेली. कँटीनमध्ये भांडी घासायला हिनंच तिला लावून घेतलं होतं. घरात दोन खोल्या, भाऊ रात्रपाळीचा वॉचमन, तो दिवसा झोपायचा, त्यामुळे या दोघींची वीस वर्षांची भांडणं सगळी दबक्या आवाजातली. शेजाऱ्यांना वाटायचं काय गोडीगुलाबीनं राहतात.

जिभेला खारट, आंबट, गोड कळत होतं, त्यामुळे घोटलेल्या पांढऱ्याचा अंदाज गारवाली चुकत नव्हती. अडचण होती ती कच्च्या चिकनची. ते बिघडलेलं आहे की नाही हे डोळ्याला उशिरा दिसतं. नाकाला लगेच कळतं. आचारीमामांना सांगावं तर टेबल जाणार हे नक्की. मग दोघींनी मिळून एक पद्धत पाडली. सकाळी चिकनची गाडी आली की नणंद हात पुसत मोरीवरून यायची, पिशवीवर वाकायची, हुंगायची आणि मान हलवून परत जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, वहिनीला काही लागतंय का बघायला आले होते. आठ महिन्यांत तिनं दोनदा नकार दिला होता आणि दोन्ही वेळेला माल परत गेला. गारवालीला शाबासकी मिळाली. नणंदेनं ती शाबासकी पुढं महिनाभर घरात वसूल केली.

त्या आठवड्यात पंख्यावरून वाजलं. खोलीत पंखा एकच, टेबलावरचा, मान फिरवणारा. नणंदेचं म्हणणं, तो वहिनीकडे जास्त वेळ थांबतो. गारवाली दिवसभराच्या उभ्यानं आंबून गेली होती. तिनं उठून पंख्याची मान अडकवली आणि सगळा वारा नणंदेच्या उशीवर सोडला. घ्या म्हणाली, तुम्हीच घ्या सगळा. नणंद नुकतीच न्हाली होती, केस ओले. पण पंखा बाजूला करायचा म्हणजे आपण हरलो, म्हणून ती रात्रभर त्या वाऱ्यात पडून राहिली. दुसऱ्या रात्रीही. गारवालीही उठली नाही. दोघींचं बोलणं बंद.

तिसऱ्या दिवशी चिकनची गाडी दीड तास उशिरा आली. चाक बसलं म्हणे. ड्रायव्हर म्हणाला, बर्फ गच्च भरलेला होता. क्रेटमध्ये बर्फाचं पाणी होतं खरं, पण ते हाताला कोमट लागलं. गारवालीनं एक तुकडा चिमटीत धरून पाहिला. जरा बुळबुळीत वाटला, पण पाण्यात पडलेला प्रत्येक तुकडा बुळबुळीतच वाटतो. तिनं मोरीकडे पाहिलं. नणंद आली, तोंड फुगवून आली, वाकली, मान हलवली आणि गेली. मान हलली म्हणजे चांगलं. गारवालीनं पातेलं चढवलं.

अकरापर्यंत चाळीस किलो सॅलड दोन टबांत भरून फ्रीजमध्ये गेलं होतं. ती स्टुलावर टेकली, तेवढ्यात आचारीमामा आपल्या कोपऱ्यातल्या खोलीतून ओरडत पळत आले. दूध लागलं होतं. शेगड्यांवरची माणसं दुसरीकडे गुंतली होती, ती सगळी आता नाक दाबून इकडेतिकडे करत होती. दुधाचं पातेलं होतं मोरीजवळच्या शेगडीवर, आणि त्याच्यापासून दोन हातांवर नणंद दुसऱ्या पातेल्याचं बूड घासत होती. मामा अंगावर धावून आले तेव्हा तिनं मान वर केली आणि विचारलं, काय झालं.

गारवाली स्टुलावरून उठली. तिला दुधाचा वास आला नव्हता हे ठीकच होतं. पण वन्संना?

ती मोरीपाशी गेली. दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"वन्सं, तुमचं नाक चोंदलंय?"

"झाली का आठवण? परवापासून चोंदलंय. पंख्याची मान कुणी अडकवली होती?"

"मग सकाळी मान कशाला हलवलीत?"

नणंदेनं घासणी पातेल्यात टाकली. "सांगायचं म्हणजे तुझ्याशी बोलावं लागलं असतं."

गारवालीनं स्वतः तरी काय वेगळं केलं असतं. नणंदच मग खालच्या आवाजात समजूत घालू लागली. एवढं खळखळ उकळलंय, त्यात काय राहतं. आठ महिन्यांत दोनदाच तर खराब निघालं, आज नेमकं तिसऱ्यांदा कशाला निघेल. गप्प राहा, आजचा दिवस जाऊ दे, चार दिवसांत माझं नाक सुटेल. आणि टेबल गेलं तर तुला शेगडीवर टाकतील, मग घरी येऊन माझ्याच नावानं खडे फोडशील.

हे सगळं गारवालीला पटत होतं. पटत होतं हीच पंचाईत होती. ती परत जाऊन फ्रीज उघडून उभी राहिली. टबांत सॅलड छान बसलं होतं, मक्याचे दाणे वर चमकत होते. पॅकिंगमधली एक पोटुशी पोर रोज दोन डाव मागून घ्यायची, दुसरं काही पोटात ठरत नाही म्हणायची. गारवालीला दुसऱ्या कुणाचा चेहरा आठवला नाही, तिचाच आठवला. तिनं फ्रीज लावला, कचऱ्याच्या पिंपातून चिकनच्या रिकाम्या पिशव्या काढल्या आणि मामांपुढं नेऊन धरल्या.

"मामा, याचा वास घ्या."

"तुला काय झालं घ्यायला?"

"मला येत नाही."

"सर्दी?"

"नाही. नाकच गेलंय. आठ महिने झाले."

आठ महिन्यांत आपण किती वाडगे खाल्ले याचा हिशोब मामा मनात करत असावेत. मग त्यांनी पिशवी हुंगली आणि तोंड वाकडं केलं. पण ती तीन तास कांद्याच्या साली आणि अंड्याच्या टरफलांत पडलेली होती; पिंपातून काढलेल्या कुठल्याही वस्तूला मोगऱ्याचा वास यायचा नाही. त्यांनी सॅलड हुंगलं. तिथं लिंबू, मोहरी आणि मिरी, त्याखालचं काही कळेना. त्यांनी चमचा भरला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला.

"टाका," म्हणाले.

चाळीस किलो सॅलड ड्रममध्ये गेलं. कुणी काढून नेऊ नये म्हणून वरून फिनेल ओतलं. ते काम गारवालीनंच केलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. चिकन खरोखर बिघडलं होतं की नव्हतं, हे काही कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

साडेबाराच्या सुट्टीला सव्वा तास उरला होता. मामांनी दोन माणसं दिली. नवा पास्ता टाकला, उरलेला मका काढला, पांढरं घोटलं. पास्ता परातीत पसरून त्याला तिघं पुठ्ठ्यानं वारा घालत होते, पण जे दोन तासांचं काम ते अर्ध्या तासात कसं व्हावं. कोमटच कालवावं लागलं आणि पास्त्यानं आपला गुण दाखवला. वाढायच्या वेळेला सगळं कोरडं, गोळेगोळे, चिकनचं नाव नाही. रांगेतला एक जण म्हणाला, गारवालीचा हात आखडला. दुसरा म्हणाला, चिकन घरी नेलं वाटतं. तिनं ऐकलं आणि वाढत राहिली. पोटुशी पोर आली, तिनं वाडग्यात बघितलं आणि एकच डाव घेतला.

मामांनी चारला बोलावलं. रागावले नाहीत. रागावण्याएवढं त्राणही त्यांच्यात राहिलं नव्हतं, दिवसभर वर मॅनेजरपुढं उभं राहून आले होते. म्हणाले, आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली, आधी सांगितलं असतं तर टेबल आधी गेलं असतं. यावर त्यांनी मान डोलावली. टेबलावरच्या फडक्याची घडी करून बाजूला ठेवली.

"उद्यापासून तू मोरीवर. तुझी नणंद टेबलावर."

"शेगडीवर नाही ना?"

"नाही. तिथंही नाकच लागतं."

नणंदेला कळलं तेव्हा ती तणतणत आली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणाली, आणि माझं नाक तरी कुठं धड आहे. मामा म्हणाले, सर्दी जाते, तोवर माल मी हुंगीन, बाकी तुझी वहिनी सांगेल. मोरीवर गरम पाणी, वाफ आणि दिवसभर ओली पावलं. गारवालीनं जाता जाता तिथली उभं राहायची लाकडी फळी पायानं दाबून पाहिली. एका टोकाला हलत होती.

दोघी बसनं घरी आल्या. बसायला एकच जागा मिळाली. नणंदेनं ती धरली आणि मग काय मनात आलं कोण जाणे, उठून वहिनीला बसवलं. गारवालीही मुकाट बसली. नको, तुम्ही बसा, एवढं म्हणायचीही तिच्यात ताकद नव्हती.

घरी वॉचमन कामावर निघायच्या तयारीत होता. त्याला दोघींनी काही सांगितलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे दोनदा सांगावं लागतं. तो गेल्यावर गारवालीनं बादलीत पाणी घेतलं आणि पाय सोडून बसली. नणंदेनं चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत विचारत राहिली. पास्ता किती वेळ? उकळी फुटल्यापासून की टाकल्यापासून? साखर का घालतात? मीठ पाण्यात की नंतर? गारवाली डोळे मिटून एकेक सांगत होती. पांढरं सगळं एकदम ओतायचं नाही, चौथा हिस्सा मागं ठेवायचा आणि वाढायच्या आधी वरून घालायचा, हे तिनं दोनदा सांगितलं.

नणंदेनं कप पुढं ठेवला आणि समोर जमिनीवर बसली.

"चव कशी असते गं त्याची? मी कधी खाल्लंच नाही. मोरीपर्यंत उरतंच कुठं ते."

गारवालीनं डोळे उघडले. सांगायला तोंड उघडलं आणि चव काही आठवेना. आठ वर्षं केलेलं, हजार वेळा चाखलेलं.

"आंबट असतं जरा," ती म्हणाली. "जरा गोड. मिरी मागून लागते."

"आणि?"

"आणि काय ते आता तुम्हीच खाऊन मला सांगा."

"उद्या कुठलं? नाक सुटायला चार दिवस लागतील."

"मग चार दिवसांनी सांगा," गारवाली म्हणाली आणि पाय पुसायला फडकं मागितलं.