बस सुटेना, कारण मी बोलेना

मंडळी, आत्ताच रिसॉर्टवरून डोंबिवलीला घरी आलोय. केस अजून ओले आहेत, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही!

पार्किंगपासून थीम पार्कच्या गेटपर्यंत रिसॉर्टची बस असते. आम्ही सगळे बसलो, पण ड्रायव्हर गाडी काढेचना. आरशात बघत म्हणाला, "ती निळ्या फ्रॉकवाली गप्प बसलीय ना, ती 'गणपती बाप्पा' बोलली की सुटणार."

माझ्या अंगावर काटाच आला!

नव्वदच्या दशकात आमची चौथीची सहल इथेच आलेली. तेव्हाच्या ड्रायव्हरकाकांनी नेमकं मला पकडलेलं. मी अडखळत बोलायचो, म्हणून वर्गात तोंडच उघडायचो नाही. पोरं हसायला लागली. काकांनी सरळ इंजिन बंद केलं. "घाई नाय रे. तुझं होऊ दे."

किती वेळ गेला देव जाणे, पण मी बोललो. आणि "मोरया!"ने अख्खी बस दणाणली.

आज ती मुलगीपण बोलली! उतरताना मी ड्रायव्हरला विचारलं, "हे कुठे शिकलास?"

"बाबांकडून. ते इथेच बस चालवायचे."

मी उडालोच! त्याने लगेच बाबांना फोन लावून दिला. "काका, चौथीतला तो अडखळणारा मुलगा मीच," म्हणून जो सुरू झालो, तो थांबेचना. शेवटी काकाच हसत म्हणाले, "अरे, पुरे कर आता! माझ्या पोराला गाडी काढू दे."

तुमच्यासाठी कधी कुणी असं इंजिन बंद करून थांबलेलं का?