पुतण्याच्या विलायती हवेलीतला होम

मंडळी, दुपारपासून खोकतोय, म्हणून बोलण्यापेक्षा लिहितो.

आज पुतण्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. आमचं आयुष्य जामबागेच्या जुन्या मोहल्ल्यात गेलं, हा मात्र शहराबाहेर विलायतेतल्या जमीनदाराची हवेली बांधून बसलाय. उतरतं छप्पर, दारात चार जाडजूड खांब, छपरावर धुराच्या दोन चिमण्या. हैदराबादचं ऊन, पण खिडक्यांवर एक छज्जा नाही आणि काचा तर उघडतच नाहीत. विचारलं तर म्हणतो, "काका, एसी आहे ना!"

आणि हॉलमध्ये फायरप्लेस! जिथं वर्षातले चार दिवस स्वेटर लागतो, तिथं.

गुरुजींनी दिशा पाहिली, तर फायरप्लेस नेमकी आग्नेयेला. पुतण्या हरखला. "गुरुजी, होम यातच करू या. धूर चिमणीतून जाईल, व्हिडिओपण मस्त येईल."

तिसऱ्या आहुतीला हॉलमध्ये माणसाला माणूस दिसेना. विहीणबाई नाकाला पदर लावून बाहेर पळाल्या. तेवढ्यात वॉचमन धावत आला. बांधकामापासून तो तिथंच आहे. "साब, चिमनी में रास्ताइच नै! अंदर से ठोस है, मैंइच पलस्तर मारा!"

शेवटी गुरुजींनी उरलेला होम पोर्चमध्ये गाडीशेजारी उरकला. म्हणजे शांत झाली ती पार्किंगची.

आत्ताच पुतण्याचा फोन आला. मला वाटलं, चिमणी फोडणार. छे! म्हणाला, "काका, आत परत करायचंय. बिनधुराचा होम करणारे गुरुजी मिळतील का?"

आहेत का हो कुणाच्या ओळखीत?