आत्याच्या धवल्यासाठी इअरफोन

"अरे, कानात घालायचाय ना, की घरात सून म्हणून आणायचाय?" असं बायको मला रोज विचारायची. ती साताऱ्याकडची. तिकडच्या माणसाला टोमणा मारायला वेळ-काळ लागत नाही. चहा गाळता गाळताही जमतं. मी मनवेलपाड्याच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचो, "तुला नाही कळायचं."

मलाही कळत नव्हतं, ते सोडा. पण इअरफोनच्या जगात एकदा पाय ठेवला की माणूस घोटाभर आत कधी जातो ते समजत नाही. मला हवा होता तो आयईएम. साधा इअरफोन कानाच्या दारात बसतो, हा आत शिरून घरच करतो. वायर कानामागून वळून येते, टोकाला सिलिकॉनची टोपी असते, आणि ती नीट बसली की बाहेरचं जग बंद. पूर्वी हे स्टेजवर गाणाऱ्यांसाठी असायचे. आता चिनी कंपन्यांनी ते दोन हजारांच्या आत आणून ठेवलेत आणि माझ्यासारख्या पगारदार माणसाचं वाटोळं केलंय. यूट्यूबवर एक जण सांगतो, याचा आवाज उबदार आहे. दुसरा त्याच आवाजाला चिखल म्हणतो. तिसरा आलेख काढून दाखवतो आणि तो आलेख बघून मला माझी बारावीची परीक्षा आठवते. तरी मी सगळं बघायचो, कारण मला नुसती गाणी ऐकायची नव्हती.

माझ्याकडे जुना जोड होता. तोही आयईएमच, पण अगदी पहिल्या पायरीवरचा. बेस असा की ढोल वाजला की दाढा हलाव्यात. इतकी वर्षं मला तेच आवडत होतं. मग आत्या गेली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. दिली होती गासला, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला. घरामागे भाजीची वाडी, पुढे ओटा, बाजूला विहीर. आमच्यात लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे विधीविधीची गाणी. हळदीचा धवला वेगळा, मांडवाचा वेगळा, विहिरीवरून पाणी आणतात त्याचा वेगळा. ती गाईपर्यंत हळद नवरीच्या अंगाला लागत नाही. आत्या तशी धवलारीण होती, आणि आसपासच्या गावांत लग्न ठरलं की हॉलच्याही आधी लोक तिची तारीख धरायचे. शाळेची पायरी चढली नव्हती, पण कुठल्या घरात कुठला धवला चालतो आणि कुठला चालत नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. तिला कोणी मान दिला की लाजायची आणि म्हणायची, "काय नाय गो, तोंड हाय तं बोलतंय."

ती गेली आणि वर्षाच्या आतच तिच्या नातीचं लग्न ठरलं. आतेबहिणीने सगळ्यांसमोर एकच हट्ट धरला. "दादा, हलद लावायला बाहेरची धवलारीन आनू. पन पानी येल तं आईच्याच धवल्यानं येल. माझ्या पोरीला आईचं तेवढं पायजे." बोलताना तिचा आवाज फुटला.  आणि मी, अतिशहाणा, म्हणालो, "माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. अख्खं. मी शब्द उतरवून देतो." तिने माझा हात धरला. तेव्हापासून घरात कुणीही धवल्याचं नाव काढलं की ती निश्चिंतपणे सांगायची, दादाकडे आहे.

रेकॉर्डिंग होतं, हे खोटं नव्हतं. आत्या धडधाकट असताना मी मुद्दाम वेगळा माइक विकत घेऊन गासला गेलो होतो. लोक लग्नात मोबाइल उंच धरून काहीतरी टिपतात, त्यात डीजे, फटाके, पोरांची रडारड सगळं येतं. मला तसलं कचरापट्टी काम नको होतं. म्हणून साध्या दिवशी दुपारी आत्याला ओट्यावर बसवली. पंखा बंद, टीव्ही बंद, कोंबड्या मागे. आत्या धवला बोलणार कळल्यावर तिची जाऊ आणि शेजारच्या बायका पदर सावरत येऊन तिच्या मागे बसल्या. एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. पलीकडच्या केळीच्या वाडीत पाण्याचा पंप चालू होता, आणि तो मालक काही बंद करायला तयार नव्हता.

पाण्याचा धवला सवाल-जबाबाचा असतो. धवलारीण विचारते, "पयलं पानी कोनाला गो वायलं?" मागच्या बायका नाव सांगतात. मग दुसरं पाणी कोणाला, तिसरं कोणाला. ज्याचं नाव येईल त्याला विहिरीतल्या पाण्याची धार वाहायची, आणि उरलेलं पाणी घरी आणायचं. मी उतरवायला बसलो तेव्हा आत्याचे सवाल भराभर मिळाले. जबाब मिळेनात. आत्याची ओळ संपली की पंपाची घरघर यायची, त्या घरघरीत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, की पुढचा सवाल. बायका त्या घरघरीखाली गातायत अशी माझी खात्री होती. दिवा कमी म्हणून दिसत नाही, तसं इअरफोन थुकरट म्हणून ऐकू येत नाही, एवढंच. बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. गासला जा आणि त्या बायकांनाच विचार ना." मी म्हणालो, त्यांतल्या कितीजणी उरल्यात? आणि जाऊकाकीला हल्ली सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. शिवाय माझ्याकडे रेकॉर्डिंग होतंच की! हे शेवटचं वाक्य मी किती गुर्मीत म्हटलं होतं ते आठवलं की आता मलाच माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

शेवटी दोन जोडांवर गाडी आली. एकाचा आवाज भरदार, गोड. दुसरा कोरडा, पण माणसाचा गळा पुढे आणणारा. ऑनलाइन मागवून परत करत बसण्यापेक्षा कानाने ऐकून घ्यावा, म्हणून इअरफोनवेड्यांच्या एका ग्रुपमध्ये विचारलं. गोखिवऱ्याचा एक जण म्हणाला, दोन्ही आहेत, या रविवारी. त्याचा प्लास्टिकची झाकणं बनवायचा गाळा होता. रविवारी मशीन बंद, म्हणून तिथे शांतता. त्याने फराळाच्या डब्यातून करंज्या काढाव्यात तसे एकेक जोड काढले, स्पिरिटने टोप्या पुसल्या आणि विचारलं, "कुठलं गाणं लावताय?"

"घरचंच आहे," मी म्हणालो.

आधी गोड जोड लावला. आत्या आली. पंपाची घरघरसुद्धा मऊ वाटली आणि तिच्यात परत ते हलणं. मला वाटलं, झालं काम, थोडं अजून सापडलं की शब्द मिळाले. मग दुसरा जोड लावला. कोरडा.

आत्याच्या बांगड्या ऐकू आल्या. सवालाआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला. पंप बाजूला सरकल्यासारखा झाला, पट्टा कुठे घासतोय ते सुद्धा कळत होतं. आणि त्या पंपाच्या खाली काही नव्हतं. मी आवाज वाढवला. काही नाही. परत मागे घेऊन अगदी सुरुवातीपासून लावलं, जो भाग मी नेहमी ओलांडून जायचो. आत्याचा पहिला सवाल. मागून कुणीतरी तोंड उघडलं, "पय..." आणि लगेच, माइकच्या अगदी जवळ, माझा आवाज. "शू. बायांनो, तुम्ही नको. फक्त आत्या. रेकॉर्डिंग क्लीन हवंय मला."

हे मी विसरलो नव्हतो. हेच तर वाईट आहे. चार लोकांना मी हे फुशारकीने सांगितलं होतं, की चिटपाखरू बोलू दिलं नाही. फक्त ते आणि धवल्याचे जबाब, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत. अर्धं गाणं मी स्वतः तोंडावर बोट ठेवून बंद केलं होतं, आणि ते ऐकू येत नाही म्हणून महिनोन्महिने इअरफोनला शिव्या घालत होतो.

"कसा वाटला?" गाळेवाल्याने विचारलं.

"एकदम क्लिअर," मी म्हणालो. तोच जोड त्याच्याकडून विकत घेतला. न घेण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवेल चांगलं. बैल गेला नि झोपा केला, काहीतरी म्हणेल. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "काकीकडे जा. उद्याच जा." तिने टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

जाऊकाकी गासच्या त्याच ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. आतेबहीण होती शेजारी. मी काकीला विचारलं, "काकी, पाण्याच्या धवल्यात पहिलं पाणी कोणाला वाहायचं?"

काकीने खूप विचार केला. शेंग हातातच राहिली. "असा सांगता येत नाय, बाला. ती इचारते तवाच तोंडान येतं."

जन्मभर ती आत्याच्या पाठीशी उभी राहून बोलली होती. एकटीने एकदाही नाही. म्हणून ती म्हणाली ते खरंच होतं. मी फोनच्या स्पीकरवर धवला लावला, पण काकीला त्यात नुसता पंप ऐकू आला, आत्या ओळखू येईना. "कोनचं मशीन हाय ते?" म्हणाली. मग मी नवा जोड काढला. तिच्या कानातल्या कुड्यांना धक्का न लावता वायर कानामागून फिरवली, टोप्या बसवल्या आणि माझा 'शू' ओलांडून धवला लावला. तिने आधी नाक मुरडलं. मग तिचा चेहराच बदलला. ती सरळ बसली, पदर डोक्यावर घेतला आणि इकडेतिकडे बघू लागली, आत्या कुठून बोलतेय ते शोधायला.

आणि काकी गायली! कानात काही असलं की माणूस मोठ्याने बोलतो, तशी मोठ्याने. "पयलं पानी गो धरतरीला..." सूर असा सरळ, लांब, की आतेबहिणीने तोंडावर हात घेतला.  मला वाटलं, मिळालं. सगळं मिळणार. आत्या विचारेल, काकी सांगेल, काही बिघडलेलं नाही.

दुसऱ्या पाण्याला काकी म्हणाली विहिरीच्या देवाचं नाव, पण ते तिच्या तोंडातून पुरतं निघायच्या आत थांबली. तिसऱ्याला तिने सुरुवात केली आणि अडखळली. चौथ्याला नुसतेच ओठ हलले. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. त्या दुपारी माझ्या 'शू'नंतर पहिला सवाल परत विचारून आत्या थांबली होती, नेहमीसारखी, जबाबासाठी जागा सोडून. कोणी बोललं नाही. दुसऱ्याला थोडं कमी थांबली. पुढे पुढे तिने थांबणंच सोडलं. एकामागून एक सवाल विचारत ती एकटीच धवला संपवून मोकळी झाली होती, मला घाई असेल म्हणून.

मी मध्ये रेकॉर्डिंग बोटाने थांबवून बघितलं, तर काकी चिडली. "ते बंद नको करू, सूर जातो." परत सुरू केलं. परत तेच. पहिलं पाणी पुरतं, दुसरं अर्धं, मग आत्या पुढे आणि काकी मागे. काकीचा श्वास लागला. तिने एक हात पुढे केला, वाटेने भराभर चाललेल्या माणसाचा पदर धरावा तसा, आणि ओरडली, "थांब गो! थांब ना, आमी आलू!"

धवला संपला. आतेबहीण रडत होती. काकीने कानातून जोड ओढून काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिला खरोखर कळत नव्हतं.

"आमच्या बिगर ती कदी फुडं गेली नाय, बाला. आज कशी गेली?"

उत्तर मला ठाऊक होतं.